हीटेड जॅकेट तापत नाही म्हणून कंट्रोलर फेकायच्या आधी हे बघा

आपल्या सोलापूरच्या रायडर लोकांना गाडीच्या बॅटरीवर तापणारं हीटेड जॅकेट, हीटेड ग्लोव्ह्ज लागतात ते लेह-लडाख नाहीतर स्पितीला जाताना, आणि त्याची तयारी होते एप्रिल-मे मध्ये, म्हणजे इथं पारा ४२-४३ वर असताना. या उन्हात जॅकेट खरंच तापतंय का मुळातच गरम आहे हे हाताला कळतच नाही, मग बरेच जण काय करतात, प्लग लावतात, ऊब कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरचा लाईट लागला की झालं म्हणतात आणि बॅगेत भरतात, आणि लेहच्या वाटेवरची बारालाचा ला खिंड चढताना बोटं बधिर व्हायला लागल्यावर कळतं की लाईट मस्त लुकलुकतोय पण जॅकेट गार आहे. मग सगळा राग कंट्रोलरवर निघतो. नवीन मागवतात, तोही तसाच वागतो.

मी जेवढे सेट बघितलेत त्यात बहुतेक वेळा कंट्रोलर बरा निघतो. घोळ असतो प्लगमध्ये, फ्यूज होल्डरमध्ये, ग्लोव्हजच्या मनगटाजवळच्या वायरमध्ये नाहीतर सरळ गाडीच्या चार्जिंगमध्ये. आणि हे शोधायला इंजिनिअर व्हायची गरज नाही, एक साधा डिजिटल मल्टिमीटर, एक जुना इंडिकेटरचा बल्ब आणि अर्धा तास शांत डोकं एवढं पुरतं. फक्त आधी हा कंट्रोलरचा डबा नेमका करतो काय ते नीट समजून घ्यायचं, कारण ते कळलं की अर्धं निदान बसल्या जागी होतं.

नाव टेम्परेचर कंट्रोलर असलं तरी बहुतेक कंट्रोलरना टेम्परेचर कळतच नाही. जॅकेटमध्ये सेन्सर नसतो (काही महागड्या सेटमध्ये असतो, ते वेगळं). कंट्रोलर फक्त करंट चालू-बंद करत राहतो. नॉब अर्ध्यावर ठेवला तर अर्धा वेळ पूर्ण १२ व्होल्ट आणि अर्धा वेळ शून्य, पाव वर ठेवला तर पाव वेळ चालू आणि बाकी बंद, आणि जॅकेटचं कापड आणि वायरी गार व्हायला वेळ घेतात म्हणून आपल्याला एकसारखी मंद ऊब लागते. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. काही कंट्रोलर हे सेकंदाला एकदा करतात, त्यात लाईट लुकलुकताना डोळ्याला दिसतो, काही इतक्या वेगानं करतात की लाईट फक्त मंद झाल्यासारखा वाटतो.

यातनं दोन गोष्टी निघतात. एक, गाडी ८० नं पळताना जी सेटिंग बरोबर वाटते तीच सेटिंग चहाच्या टपरीपाशी थांबल्यावर चटका देणार, कारण वारा थांबला पण वॅट तेवढेच आहेत. हा बिघाड नाही, नॉब खाली करायचा. दुसरी गोष्ट मीटरबद्दल. अर्ध्या सेटिंगवर आउटपुटला मीटर लावला तर स्लो कंट्रोलरवर आकडा वेड्यासारखा नाचतो, ३, मग ११, मग ६, आणि फास्ट कंट्रोलरवर स्थिर ६-७ व्होल्ट दिसतो. दोन्ही नॉर्मल आहेत. म्हणून तपासणी करताना नॉब नेहमी फुलवर ठेवायचा, तेव्हा आकडा स्थिर राहतो आणि त्याला काही अर्थ असतो.

अजून एक आतली गोष्ट, जी माहिती नसल्यामुळं चांगले चांगले वायरमन पण फसतात. बरेचसे कंट्रोलर लाल वायर कापत नाहीत, काळी कापतात. म्हणजे प्लस थेट जॅकेटपर्यंत जातो आणि स्विचचं काम मायनसच्या बाजूला होतं. त्यामुळं आउटपुटची लाल वायर आणि गाडीची चॅसी यांच्यात मीटर धरला तर कंट्रोलर बंद असतानाही १२ व्होल्ट दिसणारच, त्याला लीकेज समजू नका. आउटपुट मोजायचं तर कंट्रोलरच्याच दोन आउटपुट वायरींच्या मध्ये मोजायचं आणि तेही काहीतरी लोड (जॅकेट नाहीतर बल्ब) लावून, नुसत्या उघड्या प्लगवर नको.

आता करंटचा रस्ता डोळ्यासमोर आणा. बॅटरी, फ्यूज, सीटखालून आलेली लीड, प्लग, कंट्रोलर, पुन्हा प्लग, जॅकेट, बाहीतली वायर, मनगटाचा प्लग, ग्लोव्ह. जोड जेवढे जास्त तेवढ्या संशयाच्या जागा जास्त. तपासताना एका टोकापासून सुरू करून सगळं खोलत बसायचं नाही, मध्यावर हात घालायचा, म्हणजे कंट्रोलरच्या आधीच्या प्लगवर. तिथं लोड चालू असताना व्होल्टेज ठीक असेल तर बॅटरीकडची सगळी बाजू सुटली, नसेल तर जॅकेटला हात लावायचं कारणच नाही.

काहीच होत नाही, लाईटसुद्धा लागत नाही, अशी केस सगळ्यात सोपी. फ्यूज बघायचा, पण नुसता डोळ्यानं नाही. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात, मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर आणि लाल पिन आधी एका मग दुसऱ्या ठिपक्यावर. दोन्हीकडं १२ च्या वर तर फ्यूज बरा, एकीकडंच आलं तर गेलेला. गेलेला असेल तर त्याच रंगाचा टाका, १० अँपियर लाल, १५ अँपियर निळा. रस्त्यात लाल मिळाला नाही म्हणून हिरवा ३० चा ठोकायचा नाहीतर सिगरेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळायची हे इथं कुणी करू नका, ही वायर तुमच्या छातीवरून आणि पाठीवरून फिरलेली आहे, ती तापली तर तुम्ही तिच्या आत आहात. आणि नवीन फ्यूज लगेच उडाला तर कुठंतरी शॉर्ट आहे, दुसरा फ्यूज वाया घालवू नका, जॅकेट काढून नुसता कंट्रोलर लावून बघा, मग कंट्रोलर पण काढून नुसती लीड.

लीड इग्निशनवर रिले टाकून घेतली असेल तर चावी ऑन केल्याशिवाय काहीच येणार नाही हे पण लोक विसरतात. तशी घेणं चांगलंच आहे म्हणा, नाहीतर हॉटेलपाशी गाडी लावताना प्लग तसाच राहिला आणि नॉब चालू असला तर ९ अँपियर-अवरची बॅटरी तासाभरातच झोपते.

लाईट लागतो पण जॅकेट गार, ही दुसरी केस, आणि इथं कंट्रोलर आणि जॅकेट वेगवेगळे तपासायचे. आधी जॅकेट. प्लग काढा, मीटर ओहमवर, सगळ्यात खालच्या रेंजवर, आणि पहिल्यांदा मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघा किती दाखवतो. साधा मीटर शून्य दाखवत नाही, ०.३, ०.४ असं काहीतरी दाखवतो, तो त्याच्या स्वतःच्या वायरींचा आकडा आहे, तो नंतर वजा करायचा. नेहमीच्या कामात याला कुणी विचारत नाही, पण जॅकेटचा रेझिस्टन्सच २ ओहमच्या आसपास असतो त्यामुळं इथं त्या ०.४ नं सगळं गणित बिघडतं.

जॅकेटचा आकडा किती यायला पाहिजे ते लेबलवरून काढता येतं. समजा लेबलवर १२ व्होल्ट ७२ वॅट लिहिलंय. ७२ ला १२ नं भागा, ६ अँपियर. १२ ला ६ नं भागा, २ ओहम. झालं, मीटरवर वजाबाकी करून २ च्या आसपास आलं तर जॅकेट ठणठणीत. ग्लोव्ह एकेक १२ वॅटचा असेल तर १ अँपियर, म्हणजे १२ ओहम. आकडा आलाच नाही, नुसतं ओएल (म्हणजे रेंजच्या बाहेर) दाखवलं तर आत कुठंतरी वायर तुटलीय. आणि २ च्या जागी ४ आलं तर बऱ्याचदा अर्धं जॅकेट गेलेलं असतं, म्हणजे पाठ तापते छाती नाही, कारण आतमध्ये दोन-तीन पॅड समांतर जोडलेले असतात आणि त्यातला एखादा सुटलाय.

मोजताना जॅकेट हलवत राहायचं, विशेषतः बाही, कॉलर, आणि ग्लोव्हजमध्ये मनगट आणि अंगठ्याचा खाचा. आकडा हलवल्यावर उड्या मारतोय म्हणजे तिथंच तुटलंय. ग्लोव्हजची वायर जास्त तिथंच मरते कारण क्लच दाबताना दिवसभर तोच भाग वाकतो. एकच ग्लोव्ह गार असेल तर मीटर पण नको, डावा उजव्या बाहीच्या प्लगला लावून बघा. गारपणा ग्लोव्हबरोबर सरकला तर ग्लोव्ह गेला, बाहीपाशीच राहिला तर जॅकेटच्या बाहीतली वायर.

कंट्रोलर तपासायला त्याच्या आउटपुटला २१ वॅटचा जुना इंडिकेटर बल्ब लावायचा, दोन क्लिपा लावून घरी करता येतं. नॉब खाली असताना मंद किंवा लुकलुकता, वर नेल्यावर पूर्ण, म्हणजे कंट्रोलर पास. बरेच जण इथं हेडलाईटचा ६०/५५ चा बल्ब लावतात आणि कंट्रोलर बंद पडला की तो खराब म्हणून मोकळे होतात. बल्बची तार थंड असताना क्षणभर नेहमीच्या दहा पटीच्या आसपास करंट ओढते, आणि ज्या कंट्रोलरमध्ये शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन आहे तो त्याला शॉर्ट समजून बंद होतो. म्हणजे तो त्याचं काम नीट करतोय. लहान बल्बच घ्या.

आता तिसरी केस, तापतंय पण कोमट. हीच सगळ्यात जास्त असते आणि हिच्यातच लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर ठरते. तेच २ ओहमचं जॅकेट १३.८ व्होल्टवर ९५ वॅट देतं आणि ११.५ व्होल्टवर ६६. व्होल्टेज सहाव्या भागानं कमी झालं पण ऊब जवळजवळ तिसऱ्या भागानं कमी झाली. म्हणून थोडासा व्होल्ट कुठं गळतोय ते शोधणं हेच खरं काम.

इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसतं, इंजिन चालू करून रेस दिल्यावर १३.८ ते १४.४ पर्यंत जायला पाहिजे. आता जॅकेट, ग्लोव्हज, हेडलाईट सगळं चालू करा आणि पुन्हा बॅटरीवर मोजा. आयडलिंगला १२.३ आणि हळूहळू उतरतंय, रेस दिल्यावर १३ च्या वर, असं असेल तर कंट्रोलर, जॅकेट सगळं बरोबर आहे, गाडीची वीज कमी पडतेय. आपल्याकडं एप्रिल २०१७ पासून नवीन दुचाकींना हेडलाईट कायम चालू, म्हणजे हॅलोजन असेल तर ५५-६० वॅट तिथंच गेले, वर तुम्ही दोन फॉग लाईट, मोबाईल चार्जर लावलाय, इंजिनाचं इग्निशन आणि फ्युएल पंप वेगळे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आल्टरनेटर किती वॅटचा ते दिलेलं असतं आणि तो आकडा बऱ्याच वरच्या आरपीएमचा असतो, आयडलिंगला त्याचा बराच कमी भाग मिळतो. सगळ्या लोडची बेरीज करा, मॅन्युअलचा आकडा बघा, बेरीज जवळ गेली असेल तर फॉग लाईट बंद ठेवा किंवा हेडलाईटला चांगला एलईडी टाका. घाटात ट्रॅफिक थांबलं की पहिल्यांदा जॅकेट खाली करायचं, हे लडाखला जाणाऱ्या प्रत्येकानं अंगवळणी पाडून घ्यावं, कारण तिथं किक नसलेल्या गाडीची बॅटरी बसली तर ढकलायला कुणी मिळेल याचा भरवसा नाही, आणि ५,००० मीटरवर गाडी ढकलणं काय असतं ते ढकलणाऱ्यालाच विचारा.

बॅटरीवर १३.८ आहे आणि तरीही कोमट, तर मधल्या जोडांत गळतंय. याची टेस्ट अशी. सगळं फुलवर चालू ठेवायचं, मीटर डीसी व्होल्टवर, एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी कंट्रोलरच्या इनपुट प्लगमधल्या प्लसवर. प्लस ते प्लस. आदर्श आकडा शून्य, ०.२-०.३ पर्यंत चालतं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर त्या मधल्या तुकड्यात कुठंतरी खराबी आहे. मग पिन एकेक जोड पुढं सरकवत जायची, जिथं आकडा एकदम वाढतो तो जोड गुन्हेगार. तसंच काळ्या वायरीवर, मायनस ते मायनस. ही टेस्ट लोड चालू असतानाच करायची, कारण करंट वाहत नसेल तर सडलेला जोड सुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो, आणि बरेच जण इथंच फसतात, प्लग काढून मोजतात, १३.८ आलं, सप्लाय ओके म्हणून पुढं जातात.

अशा सडलेल्या जोडाचा हिशोब बघा. फक्त ०.२ ओहम. २ ओहमच्या जॅकेटबरोबर १३.८ व्होल्टवर करंट ६.३ अँपियरच्या आसपास येतो, त्या जोडावर सव्वा व्होल्ट पडतो, आणि जवळपास ८ वॅट त्या इवल्याशा प्लगमध्ये जळतात. दुकानातली बारीक सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, तिच्या एक तृतीयांश उष्णता प्लॅस्टिकच्या प्लगमध्ये कोंडलेली. म्हणून प्लग पिवळा पडतो, मऊ होतो, वाकडा होतो. अर्धा तास चालवून प्रत्येक जोड बोटानं चाचपायचा, जो चटका देतो तो बदलायचा. नुसता घासून परत बसवू नका, एकदा तापलेल्या पिनेची पकड गेलेली असते, ती पुन्हा तापणारच.

पाण्यानं हिरवट झालेल्या पिनांना कॉन्टॅक्ट क्लिनर, मग बाहेरच्या कडेला थोडी डायलेक्ट्रिक (वीज वाहू न देणारी) ग्रीस. पिळलेल्या वायरीवर काळी टेप हा जोड नव्हे. आपल्या उन्हात त्या टेपचा डिंक दोन महिन्यांत पाघळतो आणि टेप सुटते. क्रिंप नाहीतर सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह, इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरच्या मापानं मिळते आणि महाग नाही.

चौथी केस सगळ्यात धोक्याची. नॉब काहीही करा, जॅकेट फुल तापतंय. असं झालं की चालत्या गाडीवर विचार करत बसायचं नाही, बाजूला घेऊन प्लग उपसायचा. थंडीत कातडी बधिर असते, भाजतंय हे उशिरा कळतं, आणि ज्यांना शुगरमुळं हातापायाची संवेदना कमी झालीय त्यांना तर कळतच नाही, त्यामुळं आत पातळ फुल बाह्यांचा टी-शर्ट असलाच पाहिजे, उघड्या अंगावर हीटेड जॅकेट कधीच नाही.

याची कारणं तीन. पहिलं, आतला मॉस्फेट शॉर्ट झाला. मॉस्फेट म्हणजे करंट तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, तो मरताना बहुतेक वेळा उघडा न राहता चिकटून मरतो. यात कंट्रोलरचा लाईट नॉबप्रमाणं नीट लुकलुकत राहतो पण उष्णता फुल. दुसरं, कंट्रोलर गाडीवर फिट केलाय आणि त्याच्या आउटपुटची काळी वायर टाकीखाली नाहीतर सीटच्या बिजागरीत घासून चॅसीला टेकलीय. वर सांगितलं तसं कंट्रोलर काळीच कापतो, ती परस्पर चॅसीला टेकली की कंट्रोलरला वगळून सर्किट पूर्ण होतं. तोच कंट्रोलर काढून घरात सुट्या बॅटरीवर लावा, नीट चालला तर दोष गाडीवरच्या वायरीत. तिसरं कारण उलटी पोलॅरिटी, म्हणजे प्लसच्या जागी मायनस, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण यात चांगला कंट्रोलर फेकला जातो.

जुळे सोलापुरातल्या एका दादांचं असंच झालं होतं. नॉब कुठंही ठेवा, लाईट बंदच, आणि जॅकेट भट्टीसारखं. दुकानात दाखवलं तर तिथं सांगितलं, "मालक, मॉस्फेट उडालाय, नवीनच घ्या." दादा म्हणाले, "अहो पण लाईट का लागंना मग?" आणि प्रश्न अगदी बरोबर होता. मॉस्फेट चिकटला असता तर लाईट चालला असता. आम्ही मीटर लावला, लाल पिन कंट्रोलरकडं जाणाऱ्या प्लगच्या प्लसच्या जागी, काळी मायनसच्या, आणि आकडा आला १२.६, पण त्याच्या आधी एक बारीक आडवी रेघ. मायनस १२.६. ती रेघ इतकी बारीक असते की नुसता १२.६ वाचून माणूस पुढं जातो. दादांनी नुकतीच ग्लोव्हजसाठी एक वाय स्प्लिटर (एका प्लगचे दोन करणारी) केबल घेतली होती, एसएई प्लगची, आणि त्या केबलनं प्लस-मायनसची अदलाबदल केली होती.

एसएई म्हणजे तो दोन पिनांचा चपटा प्लग, एक पिन उघडी, एक झाकलेली. बॅटरीकडून येणाऱ्या लीडवर झाकलेली पिन प्लस पाहिजे, म्हणजे उघडी पिन चॅसीला लागली तरी शॉर्ट होत नाही. पण बाजारातल्या सगळ्या केबली हे पाळत नाहीत, आणि सोलर पॅनलच्या लीड बऱ्याचदा उलट्या असतात कारण तिथं वीज उलट्या दिशेनं येते. आता उलटं लावल्यावर फुल का तापतं, तर मॉस्फेटच्या रचनेतच एक डायोड असतो जो सरळ दिशेला बंद असतो आणि उलट दिशेला वाहू देतो. साध्या कंट्रोलरमध्ये उलट्या पोलॅरिटीपासून संरक्षण नसेल तर करंट त्या डायोडमधून थेट निघून जातो, नॉबला कुणी विचारत नाही, कंट्रोलरचा मेंदू बंद म्हणून लाईट पण बंद. जॅकेटला स्वतःला प्लस-मायनसशी काही देणंघेणं नाही, ती नुसती तापणारी तार आहे, ती तापते. दादांची स्प्लिटर बदलली आणि तोच कंट्रोलर पुढं व्यवस्थित चालला. खरं तर असा वापर लांबला असता तर त्या डायोडच्या उष्णतेनं कंट्रोलर खरंच मेला असता.

थोडक्यात लाईट बघा. लाईट नॉबचं ऐकतोय आणि जॅकेट फुल, तर मॉस्फेट किंवा चॅसीला टेकलेली वायर. लाईट बंद आणि जॅकेट फुल, तर आधी पोलॅरिटी.

पाचवी केस, मधेच चालू मधेच बंद. खड्ड्यात गेलं की जातं आणि पुढच्या खड्ड्यात येतं. इथं गोल डीसी प्लग बघा, तो जाड पिनेचा आणि बारीक पिनेचा असा दोन मापात येतो, बाहेरून दोन्ही ५.५ मिलिमीटर, आतलं भोक एकाचं २.५ आणि दुसऱ्याचं २.१. हीटेड कपड्यात बहुतेक २.५ वाला असतो. २.५ चा प्लग २.१ च्या सॉकेटवर सहज जातो, बसल्यासारखा वाटतो, पण आत ढिला असतो, आणि ढिला जोड म्हणजे वर सांगितलेली सगळी जळजळ. एक्स्टेंशन घेताना माप विचारूनच घ्या. नॉब फिरवताना उष्णता उड्या मारत असेल तर नॉबखालचा पोटेन्शिओमीटर घासलाय किंवा त्यात धूळ गेलीय, कॉन्टॅक्ट क्लिनरचा एक फवारा मारून पंधरा-वीस वेळा इकडून तिकडं फिरवा, बऱ्याचदा सुधारतो.

वायरलेस रिमोटवाल्यांसाठी थोडंच. रिमोटमध्ये नाण्यासारखा सेल असतो, बहुतेक सीआर २०३२ किंवा २४५०, थंडीत त्याची ताकद लवकर उतरते, त्यामुळं इथं चालणारा रिमोट वर बंद पडतो. एक जादा सेल आतल्या खिशात ठेवा. सेल बदलल्यावर काहींना पुन्हा पेअर करावं लागतं, त्याची पद्धत निघायच्या आधी घरी करून बघा, बर्फात मॅन्युअल शोधत बसू नका.

बॅटरीवाले कपडे वेगळे. त्यांच्यात ७.४ व्होल्टचा लिथियम पॅक असतो. ते गाडीच्या १२ व्होल्टला कधीच जोडायचे नाहीत, प्लग सारखा दिसला तरी. वर्गाचं गणित लावा, १३.८ व्होल्टवर साडेतीन पटीच्या आसपास वॅट जातील, आणि काय होईल ते सांगायला नको. पॅक फुल चार्ज असताना ८.४ दाखवतो, तेवढं दाखवत नसेल तर कंट्रोलरच्या बटनाला दोष देऊ नका. आणि शून्याच्या खाली गार झालेला लिथियम पॅक लगेच चार्जिंगला लावू नका, आतून कायमचा खराब होतो, वाटेतल्या सरचूच्या तंबूत पोचल्यावर आधी स्लीपिंग बॅगेत घेऊन ऊब द्या, मग चार्जर.

आता सोलापुरात मे मध्ये टेस्ट करायची कशी. हाताच्या भरवशावर नाही. पहाटे करा, आणि उष्णता मोजण्यापेक्षा करंट मोजा. मीटरची लाल वायर १० अँपियरच्या भोकात लावून फ्यूजच्या जागी मीटर सिरीजमध्ये, २ ओहमच्या जॅकेटला नुसत्या बॅटरीवर ६ अँपियरच्या आसपास यायला पाहिजे. १० सेकंदात बघून काढा, साधे मीटर जास्त वेळ सहन करत नाहीत, आणि काम झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत लावा, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला जाल आणि बॅटरी शॉर्ट कराल. क्लँप मीटर वापरणार असाल तर तो डीसी करंट मोजणारा आहे का बघा, स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात आणि गाडीवर शून्य दाखवतात. कोरोनात घेतलेली कपाळावर धरायची थर्मामीटर गन इथं उपयोगाची नाही, ती मुख्यतः शरीराच्या तापमानाच्या रेंजसाठी बनवलेली असते.

टेस्ट करताना जॅकेट गादीवर घडी घालून किंवा चादरीत गुंडाळून चालू करू नका. आपली सोलापुरी चादर ऊब धरून ठेवण्यात पटाईत आहे आणि इथं नेमकं तेच नकोय, घडीत उष्णता साठते, वायरीचं इन्सुलेशन वितळतं. खुर्चीच्या पाठीला मोकळं टांगा. काही जॅकेटमध्ये जास्त तापलं की आपोआप तोडणारा थर्मल कटआउट असतो, तो ४२ डिग्रीच्या खोलीत लवकर ट्रिप होतो, तेव्हा दुपारी दोन वाजता पाच मिनिटांत बंद पडलं म्हणून घाबरू नका, गार होऊ द्या आणि पहाटे पुन्हा बघा.

कंट्रोलर खरंच गेला असेल आणि रेझिन ओतून सील केलेला नसेल तर दुरुस्त होतो. मीटर बीपवर ठेवून मॉस्फेटच्या ड्रेन आणि सोर्सवर (करंट ज्यांच्यातून वाहतो त्या दोन पिना) धरा, दोन्ही दिशांना बीप म्हणजे शॉर्ट. बदलताना मात्र एक गोष्ट रिपेअरवाल्याला ठासून सांगा, काढलेल्या नंबरचाच किंवा लॉजिक लेव्हलचाच टाका. आयआरएफझेड ४४ सगळीकडं मिळतो म्हणून तोच ठोकतात, पण तो पूर्ण चालू व्हायला गेटवर (त्याला हुकूम देणाऱ्या तिसऱ्या पिनेवर) १० व्होल्ट लागतात, आणि कंट्रोलरची चिप ५ व्होल्टच देत असेल तर तो अर्धवटच चालू होतो, स्वतः तापतो आणि परत जातो. आयआरएलझेड ४४ हा त्याचा लॉजिक लेव्हल भाऊ, तो ५ व्होल्टवर नीट चालतो. सॉकेटचं सोल्डर सुटणं हा तर त्याहून सोपा बिघाड, प्लग हलवल्यावर सॉकेट बोर्डावर डुलत असेल तर पाच मिनिटांचं काम.

आणि वर गेल्यावर कंट्रोलर मेलाच तर, त्याची सोय इथूनच करून न्या. बॅटरी लीडचा प्लग एका बाजूला, जॅकेटचा प्लग दुसऱ्या बाजूला, मध्ये वॉटरप्रूफ स्विच, अशी दोन फुटाची बायपास केबल बनवून घ्या, वायर किमान दीड स्क्वेअर एमएमची, आणि फ्यूज बॅटरीजवळचा तोच राहू द्या. स्विच हँडलला केबल टायनं बांधा, दोन मिनिटं चालू, ऊब आली की बंद, गार वाटलं की पुन्हा चालू. कंट्रोलर जे करतो तेच तुम्ही बोटानं करताय. फक्त थांबलात की पहिल्यांदा स्विच बंद करा, मग स्टँड लावा, आणि दोन लाल फ्यूज पाकिटात वेगळे ठेवा, डिकीच्या तळाशी नकोत.